पांढऱ्या कोपऱ्याची धास्ती

मित्रांनो, मी एक जुना राजा आहे, बुद्धिबळातला, अक्रोडाच्या लाकडाचा, काळा. राजा म्हटलं की तुम्हाला मी शूर वाटेन. खरं सांगू? मी जन्माचा भित्रा आहे.

साराजेव्होत रागिब आजोबांनी मला कोरलं. तेव्हा दिवस चांगले होते. अंगणात डाव मांडला की अख्खी गल्ली जमायची आणि माझ्या मुकुटाचं कौतुक व्हायचं. मग शहराला वेढा पडला. डोंगरावरून तोफगोळे येऊ लागले आणि आम्ही तळघरात राहायला गेलो. सरपण संपलं तेव्हा खुर्च्या जळल्या, मग पट, मग प्यादी, हत्ती, वजीर. शेगडीचं दार वाजलं की मला वाटायचं, आता माझी पाळी. शेवटी चौघेच उरलो: दोन राजे, पांढऱ्यांचा एक उंट आणि एक घोडा.

"वजीर का नाही ठेवला?" नात अमिला रुसून म्हणाली.

"वजिरानं डाव चटकन संपतो, बाळा. उंट आणि घोड्यानं मात द्यायला वेळ लागतो. आपल्याला वेळच काढायचाय."

फरशीवर खडूनं पट आखला जाई. तो उरलेला उंट पांढऱ्या घरांवरून चालणारा, त्याची मात पांढऱ्या कोपऱ्यातच बसते, म्हणून मला खरी धास्ती त्या कोपऱ्याची. आजोबा मला काळ्या कोपऱ्याकडे पळवत. "पळाला बघ, काम दिसल्यावर तुझा मामा पळतो तसा!" ते हसत. अमिला मला पुन्हा हाकून आणी.

एका दुपारी तिची आई सेनादा डबे घेऊन पाण्याला गेली आणि गोळे पडू लागले. छताची माती माझ्या डोक्यावर पडत होती. अमिलानं घोडा सरकवून मला शह दिला. मी पांढऱ्या कोपऱ्यात शिरलो. आता उंट एकदा तिरका सरकला की संपलं. मी डोळे मिटले.

तिनं उंट हलवलाच नाही. उलट घोडा मागे घेतला.

"अगं वेडाबाई, मात होती!"

"माहितेय. आई आल्याशिवाय देणार नाही."

आजोबांनी मला कोपऱ्याबाहेर काढलं. तिनं पुन्हा कोंडलं, पुन्हा सोडलं. बाहेर धडाका झाला की दोघांचेही हात पटावरच थांबायचे. मला कळून चुकलं, माझ्याहून जास्त घाबरलेलं कुणीतरी इथे आहे. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी मात होण्याची वाट पाहू लागलो.

खूप वेळानं जिन्यावर डबे खडखडले.

"अजून तोच डाव?" सेनादा धापा टाकत म्हणाली. "अर्धं पाणी सांडलं बाई. शेगडी पेटवा, कॉफी टाकते, भाजलेल्या मसुरीची का असेना."

अमिलानं तिच्याकडे पाहिलं, उंट सरकवला आणि रडू लागली. "मात!"

मित्रांनो, आता मी कपाटात असतो. मुकुट झिजलाय, पण घरातलं कुणी बाहेर अडकलं की अमिला आजही आम्हा चौघांना काढून पट मांडते. तुमच्या घरातले जुने, एकटे उरलेले मोहरे टाकू नका. कुणाची तरी वाट पाहताना ते हाताशी असू द्या.