टोपीवाल्याचा ठसा

माझ्यासारखी शहाणी बाई अख्ख्या दुबईत नसेल! म्हणून तर हे सगळं झालं.

एका साहेबांच्या खाजगी संग्रहातली जुनी कागदपत्रं मी तपासते. रत्नागिरीचे अक्रमभाई तिथे स्कॅनिंग करायचे. एकदा इंग्लंडातल्या जुन्या छापील चोपड्या आल्या. राजा आणि पार्लमेंट भांडत होते तेव्हाच्या, चार-आठ पानी, शत्रूला शिव्या घालणाऱ्या, वर चित्रं. असली छपाई मी पहिल्यांदाच बघत होते. दोन चोपड्यांवर एकच चित्र: उंच टोपीवाला माणूस, मागे फाशीचा खांब. एकीत त्याला मंत्री म्हटलेलं, दुसरीत बिशप. मला वाटलं, खरं पान काढून कुणी नक्कल लावली. स्कॅन कोण करतं? अक्रम! त्यांना न विचारता मी साहेबांना मेल ठोकला. त्यांना नोकरीवरून काढून टाकायच्या पत्राचा मसुदाही मीच दिला, इंग्रजी माझं चांगलं ना.

आठवड्यात खलास. व्हिसा रद्द करायला टाकला. त्यांची बायको कुबरा करामा भागातलं घर आवरायला लागली.

तेव्हापासून टोपीवाला माझ्या मागे लागला. टेबलाच्या कुठल्याही बाजूला बसा, बघणार माझ्याकडेच. अल मनखूलला आमच्या इमारतीच्या लिफ्टच्या आरशातही एकदा टोपी दिसली. माझा निनाद म्हणाला, "आई, यू नीड स्लीप."

मग तिसरी चोपडी उघडली. तोच मेला टोपीवाला, नाव तिसरंच! भिंग धरलं तर काळ्या रेघांत पांढरे ठिपके, आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त. मग उलगडा झाला. चित्र छापायच्या लाकडी ठशाला किडीने भोकं पाडली की तिथे शाई उमटत नाही. म्हणजे छापणारे एकच ठसा वर्षानुवर्षं वापरत होते. शत्रू बदलला की खालचं नाव बदलायचं. चोपड्या अस्सल होत्या. आणि शुक्रवारी अक्रमभाईंचं विमान होतं.

दोन दिवस मी गप्प बसले. लाज वाटते सांगायला, पण नोकरी मलाही हवी होती. गुरुवारी चित्रात टोपीखाली चक्क अक्रमभाईंचा चेहरा दिसला. तेव्हा साहेबांना मेल केला: चूक माझी.

सोमवारी अक्रमभाई कामावर परत आले. माझ्या टेबलाशी येऊन त्यांनी पाकीट ठेवलं.

"शोभनाताई, घरी जाऊन वाचा." मान वर करेनात.

मी तिथेच फोडलं. शब्दन् शब्द ओळखीचा, "विश्वासघात"सुद्धा. माझंच इंग्रजी होतं. फक्त नाव बदललं होतं.