कॅरिअरवरची दुसरी जागा

रॉबर्टने कॅनडाहून गाडीमागे सायकली टांगायचं कॅरिअर आणलं, तेव्हा अख्ख्या पाचूबंदराने ते येऊन बघितलं. त्याच्या सुमोच्या मागे खाली एक चौकोनी नळी बसवलेली. तिच्यात कॅरिअरचा दांडा सरकवायचा आणि आडवी खीळ घालायची. दोन सायकलींची सोय. कौतुक सगळ्यांनी केलं, पण गाडी खड्ड्यातून गेली की हे कॅनडाचं कौतुक पडायला आलेल्या दातासारखं हलायचं.

"ऑगस्टीन, याचं हलनं तेवढं थांबव," तो धाकट्या भावाला म्हणाला. "मग नाशिकला रायनबरोबर अमिषाचीपन सायकल नेतो."

रायन रॉबर्टचा मुलगा, अमिषा ऑगस्टीनची मुलगी. दोघांचीही नाशिकच्या शर्यतीत नावं होती. फरक एवढाच, की वसईच्या शर्यतीत अमिषा पहिली आली होती आणि रायन, देवाच्या कृपेने, शेवटपर्यंत पोचला होता.

ऑगस्टीन मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. फट असेल तिथे खडखड असणारच, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. त्याने पितळेची पट्टी घासून घासून नळी आणि दांड्यामधल्या फटीच्या मापाची केली, आत ठोकून बसवली. नळीला भोक पाडून वर नट वेल्ड केला, त्यातून बोल्ट आवळून दांडा दाबून धरला. हातातली बोटींची कामं बाजूला ठेवून तीन दिवस हेच चाललं होतं. शेवटी कॅरिअरवर उभं राहून त्याने उड्या मारल्या. सुमो हलली, कॅरिअर हललं नाही.

शनिवारी सकाळी अमिषा सायकल लख्ख पुसून घेऊन आली. रायनची सायकल आधीच टांगलेली होती. दुसऱ्या जागेवर रॉबर्टने जुनी गोधडी गुंडाळून बांधली होती.

"दोन टांगल्या की एकमेकींना घासतात रे," तो म्हणाला. "रायनची नवी हाय. रंग खरवडेल."

"पन दादा, तू बोललेलास..."

"अमिषाला नेतो ना! गाडीत एका मानसाची जागा हाय. रायनला टाळ्या वाजवायला कोनीतरी पायजेच."

आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं. इथे तर कार्टं सख्ख्या भावाचं होतं. शर्यत दुसऱ्या दिवशी सकाळी; आता सायकल न्यायला दुसरी गाडी मिळणार नव्हती.

"निघायच्या आधी तो बोल्ट एकदा बघून घे," रॉबर्ट म्हणाला.

ऑगस्टीनने पाना लावला. दोन आटे सैल करावेत, जाऊ दे नाशिकपर्यंत खडखडत, असं त्याच्या मनात आलं. खोटं कशाला बोला, अगदी मनापासून आलं. पण ढिलं काम त्याच्या हाताला कधी जमलंच नव्हतं. त्याने बोल्ट आणखी आवळला.

अमिषा गाडीत बसली नाही. सुमो निघाली आणि कोपऱ्यावरच्या खड्ड्यात दाणकन आदळली. कॅरिअर तसूभरही हललं नाही. स्वतःच्या चांगल्या कामाचा ऑगस्टीनला जन्मात पहिल्यांदा संताप आला.

"हलत होतं ना डॅडी," अमिषा म्हणाली, "तोवर काका आपल्याशी गोड तरी बोलत होता."

आणि सायकल वळवून ती घरात गेली.