हाकेची खूण

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनीही सरका पुढे, सतरंजी पुष्कळ आहे. कीर्तनाला बसता तसेच बसा, पण टाळ आज मांडीवरच राहू द्या. एक गोष्ट सांगायची आहे, घाटंजीकडची, आणि ती हळूच सांगावी लागते.

तारिकने वामनरावांचा डावा हात मनगटाशी धरून उचलला, खाली माऊस सरकवला आणि त्यांची बोटं एकेक करून त्याच्यावर बसवली. गादीवर माऊस नीट सरकेना, म्हणून सूनबाई इंदुताईंनी पोळपाट आणून दिला होता. तो उपडा घालून तारिकने वामनरावांच्या कुशीशी टेकवला.

“महाराज, हे उजवीकडलं बटन, पह्यल्या बोटाखालचं, हे म्हन्जे हो. आन बाजूचं म्हन्जे नाई. ध्यानात आलं?”

वामनराव आढ्याकडे पाहत होते. मान वळत नव्हती, लकव्याने उजवं अंग उचलत नव्हतं, आणि ज्या गळ्यासाठी लोक मुकुटबनहून बैलगाडी, मग जीप, मग मोटरसायकल करून कीर्तनाला येत आले, त्या गळ्यातून आता नुसती घरघर निघत होती.

“इंदूवैनी, थोडं कुंकू आना. हो वाल्या बटनाले टिकला लावून ठेवू. कोनी बी माऊस हाती देल्ला तरी मंग उलटा नाई होनार.”

इंदुताईंनी कुंकवाचं बोट उजव्या बटणावर टेकवलं. त्यांना ते पटलंही. देवीला कौल लावला की उजवं फूल पडणं म्हणजे हो आणि डावं पडणं म्हणजे नाही. यंत्रालाही एवढी रीत ठाऊक होती म्हणायचं.

तारिकचं दुकान घाटंजीच्या बाजारात. मोबाईल, मोटारपंपाचे स्टार्टर, कॉम्प्युटर, काहीही आणा. त्याचे वडील जफरभाई दरवर्षी मारुतीच्या सप्ताहाला भोंगा बांधून द्यायचे, आणि लहानपणी तारिक त्या वायरींच्या वेटोळ्यावरच कीर्तन ऐकता ऐकता झोपायचा. इंदुताईंची मुलगी प्रेरणा नागपूरला शिकायला गेली तेव्हा तिचा जुना कॉम्प्युटर घरी पडून राहिला होता. तारिकने तो पुसून त्यात लिनक्स टाकलं.

“फुकटची सिस्टीम हाय, आन उघडी हाय,” तो म्हणाला. “आतलं सारं आपल्याले बदलवता येते. कोन्या बटनानं काय कराचं, थे आपन ठरवाचं.”

त्याने ठरवलेलं असं होतं. हो दाबलं की सगळा पडदा हिरवा आणि वर मोठ्या अक्षरात ‘हो’. नाही दाबलं की लाल, आणि ‘नाही’. प्लग पलंगाच्या उशाशी असल्यामुळे पडदाही तिकडेच ठेवावा लागला. तो वामनरावांना दिसत नव्हता. पण पाहायचं तर बाकीच्यांनीच होतं.

“आन हे तिसरं. बटन नाई दाबाचं. माऊस नुसता असा खालून वर वढाचा, छातीकडं. ह्या खुनेनं सैपाकघरात घंटी वाजन.”

त्याने वामनरावांचा हात आपल्या हातात घेऊन वर ओढला. आत ओट्यावर ठेवलेल्या स्पीकरमधून आरतीच्या घंटेसारखा आवाज आला, आणि इंदुताईंच्या हातातली कुंकवाची डबी खाली पडली.

त्या घरात हाक ऐकू आली नव्हती, कार्तिकातल्या त्या दुपारपासून.

सप्ताह जवळ आला होता. वामनराव खोलीत गजेंद्राच्या आख्यानाची तालीम करत होते. मगरीने पाय धरलेला हत्ती देवाला हाक मारतो, ती हाक ते दरवेळी वेगळी घेत. आधी भरदार, मग थकलेली, मग शेवटची अगदी तुटकी. “आन देव कसा आला?” ते श्रोत्यांना विचारत, आणि स्वतःच सांगत, “ताट तसंच, हात खरकटे, पाय अनवानी.” इंदुताईंनी हे इतक्यांदा ऐकलं होतं की भाकरी थापताना त्यांचा हात त्या लयीत पडायचा. त्या दुपारी आतून हाक आली. मग पुन्हा आली, अर्धीच. मग आणखी एक आली, तिच्यात शब्दच नव्हता. आज सूर लागला म्हणायचा, असं मनात येऊन त्यांनी गॅस बारीक केला आणि हसत ऐकत राहिल्या. चहा घेऊन गेल्या तेव्हा वामनराव पलंग आणि भिंतीच्या मधे पडलेले होते.

“थोडं आधी आणलं असतं तर,” यवतमाळचे डॉक्टर म्हणाले होते. हाक ऐकली होती हे इंदुताईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही.

“चाला, विचारा आता,” तारिक म्हणाला.

बबनराव पुढे झाले. पौषातली थंडी होती, म्हणून त्यांनी आधी वडिलांच्या हातावर, माऊसवर, पोळपाटावर गोधडी ओढली. मग खाकरले.

“बाबा, मले ओळखता का? म्या बबन.”

गोधडी हलली. सगळ्यांनी पडद्याकडे पाहिलं. पडदा लाल झाला.

“नाई म्हनते,” दारातून शेजारची धुरपताबाई म्हणाली.

गोधडी पुन्हा हलली, जोरात. लाल, हिरवा, लाल, लाल, हिरवा. वरातीतल्या लायटिंगसारखा पडदा लखलखत राहिला, आणि वामनरावांच्या घशातली घरघर वाढली.

“झालं वो माय. डोस्कं हाललं महाराजाचं.”

“धुरपताकाकू, गप ऱ्हाय जराशी,” बबनराव म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी आणखी एकदाच विचारलं. वीणा मारुतीच्या मंडळाला देऊ का? पडदा हिरवा झाला. बबनरावांनी खुंटीवरची वीणा काढली, गवसणी झटकली आणि घेऊन गेले. परत आल्यावर हातपाय न धुताच ओट्याशी बसले.

“पोराले ओळखत नाई, आन वीना देऊन टाक म्हनते. जाऊ दे इंदू. आता काहीच नको विचारू त्याइले. उगाच तरास.”

पण इंदुताईंनी विचारलं. दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना. पायथ्याशी जमिनीवर बसून, गोधडीवरून पाय धरून.

“मामाजी, तुम्ही त्या दिवशी बलावत होते. मले आयकू आलं होतं. मले वाटलं तालीम चालू हाय.” त्यांनी पाय आणखी घट्ट धरले. “राग हाय का माह्यावर?”

गोधडी एकदाच हलली, सावकाश. त्यांनी वर पाहिलं. लाल पडद्यावर पांढरी अक्षरं होती. नाही.

त्या तिथेच कपाळ टेकून रडल्या.

तेव्हापासून त्या घरात एकट्या इंदुताईच सांगत फिरू लागल्या की मामाजी शुद्धीवर आहेत. भाकर कुस्करताना, अंग पुसताना, त्यांच्याशी आधीसारखंच बोलत. बबनरावांना वाटे, ही मन रिझवते. पण इंदुताईंचं खरं दुखणं वेगळं होतं. मामाजींचं डोकं ठिकाणावर नसेल, तर ते ‘नाही’ कुणी म्हटलं? नुसत्या बोटाने? असल्या क्षमेला काय करायचं? आणि आणखी एक होतं. हाकेची खूण वामनरावांनी अजून एकदाही केली नव्हती. घंटी ओट्यावर मुकी बसली होती. ज्याच्या एकदा मारलेल्या हाकेला कुणी आलं नाही, तो पुन्हा कशाला मारेल, असं मनात आलं की इंदुताई त्या लाल पडद्यावरची अक्षरं आठवून घेत.

शेवटी त्यांनीच तारिकला फोन लावला.

“तुही मशीन पाहून जा बरं एकडाव. मामाजी समजून सांगते, आन इथं कोनाले पटत नाई.”

तारिक आला तेव्हा खिडकीतून ऊन थेट पलंगावर पडलं होतं. इंदुताईंनी गोधडी पायाशी सारली. चहा केला, वामनरावांसाठी बशीत ओतून फुंकर घालत आणला.

“महाराज, चाय घेता नं?” तारिकने विचारलं.

पडदा लाल झाला. इंदुताई बशी बाजूला ठेवणार, तोच तारिक म्हणाला, “थांबा वैनी.”

तो पडद्याकडे पाहतच नव्हता.

“महाराज, आनखी एकडाव सांगा. चाय?”

वामनरावांचं पहिलं बोट कुंकवावर होतं. ते बोट वाकलं आणि दाबलं. पडदा लाल.

“अरे बाप्पा,” तारिक पलंगाच्या कडेवर बसला. कॉम्प्युटरशी खुडबुड करता करता त्याचे कान तापले. “दोनदा फिरवलं म्या. दुकानातच डाव्या हाताच्या हिशोबानं बटनं अदलाबदल करून ठेवली होती. मंग इथं येऊन डावखुऱ्याची सेटिंग बी लावली वरून. उलट्याचं उलटं. महाराज हो म्हनून राह्यले होते वैनी, आपल्याले नाई दिसे. आपन सारे पडद्याकडं पाहात होतो. बोटाकडं कोनी पाह्यलंच नाई.”

निरोप मिळताच तुरीच्या शेतातून बबनराव धावत आले. तोवर तारिकने एक फिरवणं काढून टाकलं होतं.

“बाबा, मले ओळखता का?”

हिरवा.

“तवा बी ओळखलं होतं?”

हिरवा. बबनरावांनी वडिलांच्या छातीवर डोकं ठेवलं, मातीच्या हातांनीच. मग एकदम वर पाहून हसले, डोळे पुसत.

“मंग वीना! वीना नोको देऊ म्हनत होते थे! आन म्या देऊन आलो येड्या भैताडावानी!”

“लाल, हिरवं, सारं पलटवा आता,” तारिकही हसू लागला. “जे जे विचारलं असन, त्याचं उलटं धराचं.”

इंदुताई दाराच्या चौकटीशी उभ्या होत्या. हातात रिकामी बशी होती. ती त्यांनी पदराने पुसली. पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

“इंदू, तू नाई का काही विचारत? तूच म्हने ना, बाबा शुद्धीवर हाय म्हनून!”

त्यांनी वामनरावांकडे पाहिलं. ते आढ्याकडेच पाहत होते. राग आहे का, ते इंदुताईंनी पुन्हा विचारलं नाही.

“मामाजी, भाकर दुधात चुरू का वरनात?” त्या म्हणाल्या, आणि मग लक्षात येऊन, “दुधात?”

लाल.

“वरनात पाहिजे! वारे महाराज!” तारिकने मांडीवर थाप मारली. तो दुकानाकडे निघाला, त्याच्याच गाडीवर मागे बसून बबनराव वीणा आणायला मंदिराकडे गेले. घरात त्या दोघांखेरीज कुणी उरलं नाही.

इंदुताई आत गेल्या. परातीत पीठ घेतलं, पाणी ओतलं. मळताना हात लयीत पडेना. मामाजी शुद्धीवर होते. तेव्हाही होते. एकदाच बोट हललं होतं, आणि किती सावकाश. भाकरी गोल होईना, कडेने फाटत राहिली.

घंटी वाजली.

त्यांना आधी कळलंच नाही कुठे वाजली. मग ओट्यावरचा स्पीकर दिसला, आणि पिठाचे हात तसेच घेऊन त्या धावल्या.

“काय झालं? पानी?”

लाल.

“दुखते का कुठी?”

लाल.

“कूस बदलवू? ऊन लागते? खिडकी लावू?”

लाल. लाल. लाल. त्या वाकल्या, चेहऱ्यावर चेहरा नेला, तेव्हा वामनरावांची नजर आढ्यावरून त्यांच्यावर आली आणि थोडा वेळ तिथेच थांबली. काही मागत नव्हती ती नजर. इंदुताईंना त्यातलं काहीच उमगलं नाही. पोळपाटावर त्यांच्या बोटाचं पीठ सांडलं होतं ते झटकून त्या परत फिरल्या.

भाकरी तव्यावर टाकली. पहिला पापुद्रा फुगत आला, आणि घंटी वाजली.

पुन्हा धावल्या. पुन्हा काही नको होतं. पुन्हा ती नजर.

बबनराव वीणा छातीशी धरून आले तेव्हा इंदुताई तिसऱ्यांदा खोलीतून बाहेर येत होत्या, कपाळावर पीठ, श्वास लागलेला.

“काय पाहिजे बाबाले?”

“काही नाई.”

“मंग घंटी काहून वाजून राह्यली?”

“मले नाई समजत.”

“हात लागत असन चुकून.” त्यांनी वीणा खुंटीला अडकवली. “तारिकले फोन करतो. घंटी तेवढी बंद कर म्हनतो. तुले किती येरझारा...”

“नोका सांगू,” इंदुताई म्हणाल्या. इतक्या घाईने की बबनराव बघतच राहिले. “राहू द्या तशीच.”

आत भाकरीचा करपल्याचा वास सुटला होता. त्या ओट्याकडे वळल्या, तव्याशी पोचल्या, आणि घंटी वाजली. भाकरी उतरवायला त्या थांबल्या नाहीत.

गोष्ट एवढीच. आता टाळ झोळीत टाकाल, घरोघर जाल. जेवायला बसाल आणि आतल्या खोलीतून कुणाची तरी हाक येईल, बहुधा काही काम नसलेली. तेव्हा ताटावरून उठता उठता आमच्या इंदुताईंची आठवण असू द्या.