मिल शांत झाली त्या दिवशी

धनसिंगला ऐकू येत नाही हे मिलमध्ये कोणाला माहीत नव्हतं. ताईबाईला माहीत होतं, कारण ती त्याची बायको होती. बायकोपासून दारू लपते एक वेळ, बहिरेपण लपत नाही.

अमळनेर-धुळे रस्त्यावरच्या कागद मिलमध्ये दोघंही कामाला. ताईबाई रद्दीच्या यार्डात. जुन्या खोक्यांच्या ढिगातून तार, प्लास्टिक, चपला, कधी मेलेली घूस वेगळी काढायची. धनसिंग आत, मशीनवर, ड्रायरला. ड्रायर म्हणजे वाफेनं तापलेल्या लोखंडी सिलिंडरांची रांग, एकेक माणसापेक्षा उंच. ओला कागद त्यांच्यावरून फिरत फिरत वाळतो. मधेच तुटला की सिलिंडरला गुंडाळतो. मग मशीन थांबवायचं, दोन सिलिंडरांच्या बोळात शिरायचं आणि ते गुंडाळे ओढून काढायचे. मिशी फुटल्यापासून धनसिंग हेच करत होता.

आणि तो आवाज. ओल्या कागदातलं पाणी ओढणारे व्हॅक्यूम पंप असे बोंबलायचे की नवा माणूस पहिल्या दिवशी पोट धरून बाहेर पळायचा. आत कोणी कोणाशी तोंडानं बोलत नसे. हात, भुवया, ओठ. पाणी पाहिजे तर अंगठा, साहेब आला तर बोट कपाळाला. एखाद्याचे कान गेले तरी तिथं कळणार कसं? तिथं सगळेच बहिरे.

कळायचं ते घरी. कुकर शिट्ट्या मारमारून थकायचा आणि धनसिंग शेजारी बसून बिडी ओढायचा. रस्त्यानं जाताना ताईबाई नेहमी गाड्यांच्या बाजूनं चालायची आणि त्याची बाही धरायची. लोक हसायचे. यार्डातली प्रमिलाबाई तर तोंडावर म्हणायची, "काय व ताई, नवरा पळी जाई का तुना?" ताईबाई हसून घ्यायची. बाही मात्र सोडायची नाही. मागून येणारी एसटी काही हसत नाही.

मिलमध्ये मात्र तिला भीती नव्हती, कारण तिथं थापेची रीत होती. कागद काढून झाला की कोणीतरी एकजण टॉर्च घेऊन मशीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा, मग पलीकडच्या बाजूनं परत यायचा. बोळात वाकलेल्या प्रत्येकाच्या पाठीवर थाप. बाहेर ये. शेवटच्या पाठीवर थाप पडून माणूस परत आल्याशिवाय बटणाला कोणी हात लावत नसे. ही रीत कुठल्या साहेबानं शिकवली नव्हती. आवाजात ओरडून उपयोग नाही हे ज्यांना कळत होतं त्यांनीच ती लावली होती.

मग नवा मॅनेजर आला आणि म्हणाला, आवाज कमी करायचा.

वाईट काय त्यात? काहीच नाही. माणूस कामाचा होता. पंपांभोवती जाड पत्र्याची खोली बांधली, आतून कापसासारखं काहीतरी भरलं. ब्लोअरला सायलेन्सर बसवले. मशीन चालवणाऱ्यासाठी दुहेरी काचेची केबिन केली, दाराला रबर. आत बसलं की बाहेर मशीन चालतंय की बंद, फक्त डोळ्यांना कळावं. सगळ्यांना पिवळे मफ दिले, कानावर लावायला. यार्डातल्या बायका पहिल्यांदा आत डोकावल्या तेव्हा प्रमिलाबाई म्हणाली, "देऊळना मायक शांत व्हई गई व माय, मिल!"

देवळासारखी नाही, पण हॉर्न ऐकू येईल इतकी तरी झाली. आणि मॅनेजरनं भिंतीवर हॉर्न बसवला. चालू करण्याआधी तीनदा वाजणार. तिसऱ्यानंतर मशीन फिरणार.

"आता ते थापा मारत फिरणं बंद," शिफ्ट इनचार्ज अभिमननं सगळ्यांना सांगितलं. "दर वेळी केवढं मशीन खोळंबतं. हॉर्न ऐकला की बाहेर. साहेबांची ऑर्डर आहे."

त्या संध्याकाळी ताईबाईला हे प्रमिलाबाईकडून कळलं. भाकरी थापता थापता तिचे हात थांबले. ती उठली आणि धनसिंगच्या समोर जाऊन बसली, ओठ दिसतील अशी.

"समाधानना बाप, हॉर्न ऐकू येस का तुमले?"

"येस ना."

"खरं सांगा."

धनसिंगनं बिडी विझवली. "हादरा लागस पायले. मशीन फिरनं का जमीन सांगस."

"जमीन सांगी तवपर्यंत मशीन फिरी गयं ऱ्हाई!"

"हळू बोल."

"तुमले हळू ऐकू येस का जोरमा, काय फरक पडस?" ती चिडून म्हणाली, आणि लगेच तिचे डोळे भरले. "सांगी टाका साहेबले. सांगा, माले थाप लागस."

"आणि ज्ञानेश्वरना मायक व्हऊ दे?"

ज्ञानेश्वर पंपावर होता. सरळ माणूस. कानाची तपासणी आली तेव्हा खोटं बोलला नाही, म्हणाला, शिट्टी ऐकू येत नाही. महिन्याच्या आत त्याला कळवलं गेलं की मशीनवर राहणं त्याच्याच जिवाला धोक्याचं आहे, आणि दुसरं काम सध्या नाही. केवढी काळजी! आता तो यावलकडे केळीचे घड ट्रकमध्ये चढवतो, या वयात. धनसिंग तपासणीला काचेपलीकडे शिट्टीचं बटण दाबणाऱ्या पोरीच्या खांद्याकडे बघत बसला. खांदा हलला की हात वर. पास.

"कोनले सांगू नको," तो म्हणाला. "मनी आन शे तुले."

तिनं सांगितलं नाही. पण त्या दिवसापासून यार्डात ती कान मशीनकडे लावून बसायची. मशीनचा आवाज थांबला की तिचे हात थांबायचे. आता तो आत शिरला असेल. मग हॉर्न. एक. दोन. तीन. मशीन फिरायचं आणि ती वाट बघायची, कोणी ओरडतंय का. कोणी ओरडलं नाही की पुन्हा तार, प्लास्टिक, चपला. कौतिक, धनसिंगचा जोडीदार, अजून चोरून त्याच्या पाठीवर थाप मारतो हे तिला ठाऊक होतं. का मारतो हे तिनं विचारलं नाही. तेवढ्यावर दिवस चालले होते.

मग तो पाहुणा आला. धुळ्याहून, आवाज मोजणारा. तीन पायांच्या स्टँडवर यंत्र लावून आकडे घेणार होता. मॅनेजरनं सकाळपासून धावपळ लावली. यार्डातल्या बायकांना मशीन हॉलमध्ये झाडायला बोलावलं. कोणी ओरडायचं नाही, पत्रा आपटायचा नाही, मफ लावूनच फिरायचं.

ताईबाई खराटा घेऊन ड्रायरच्या पुढच्या बाजूला झाडत होती. तेवढ्यात कागद तुटला. मशीन थांबलं. पाहुण्यासमोर नेमकं! माणसं पळाली. वाकलेल्या पाठी बोळांमध्ये नाहीशा झाल्या. सिलिंडरांच्या फटीतून तिला पलीकडे धनसिंगचा निळा गमछा दिसला.

"कौतिक!" अभिमननं केबिनच्या दारातून हातवारे करून बोलावलं. "इकडे ये. साहेबांच्या बाजूला उभा राहा, मफ नीट लाव. फोटो काढायचाय."

कौतिकनं मागे वळून बोळाकडे पाहिलं. एकदा. मग गेला. साहेबानं बोलावल्यावर जायचं नाही तर काय करायचं?

समोरच्या बाजूची माणसं कागद ओढून मोकळी झाली. अभिमननं केबिनमधून हात वर केला. तो हात बघून ती माणसं मागे सरली.

हॉर्न वाजला.

निळा गमछा जागचा हलला नाही.

ताईबाईच्या हातातून खराटा गळला. "समाधानना बाप!" ती ओरडली. कोणाला ओरडत होती? ज्याला ऐकू येत नाही त्याला. तिला ते ओरडताना कळलं. पलीकडे जायचं तर सगळ्या मशीनला वळसा. मशीन थांबवायचं लाल बटण कुठंतरी होतं; रद्दीच्या बायकांना ते कोणी कधी दाखवलं नव्हतं.

दुसरा हॉर्न.

ती केबिनकडे धावली. आत अभिमन पॅनेलकडे तोंड करून पाहुण्याला काहीतरी समजावत होता. मॅनेजर हसत होता. तिनं दोन्ही मुठींनी काच बडवली. "थांबा! माणूस शे आतमा! ओ अभिमनभाऊ!" काच जाड होती, दुहेरी होती, चांगल्या कामाची होती. आतली पाठ हललीसुद्धा नाही. तिला काचेत स्वतःचंच तोंड दिसलं, उघडं, आणि क्षणभर वाटलं, आपला आवाजच गेला.

तिसरा हॉर्न.

पायाखालची जमीन थरथरली. तिनं दाराचा दांडा धरला आणि सगळं अंग मागे टाकलं. रबर सुटलं.

"बंद करा! मरी जाई तो! बंद!"

अभिमननं तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि न विचारता बटण दाबलं. हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे.

सिलिंडर जड असतात, लगेच थांबत नाहीत. ती वळसा घालून पोचली तेव्हा ते शेवटचं हळूहळू फिरत होते. गमछ्याचं एक टोक सिलिंडर आणि त्याच्यावर कागद दाबून धरणाऱ्या जाड कापडाच्या मधे गेलं होतं, दुसरं धनसिंगच्या गळ्याला आवळलेलं. त्याचा एक गाल तापलेल्या लोखंडाला चिकटला होता. डोळे उघडे. तो ओरडत होता की नाही हे तिला आजही सांगता येत नाही, कारण तिच्या कानात तिचंच रक्त वाजत होतं. मागून कौतिक आला आणि कागद कापायच्या पातीनं त्यानं गमछा कापला. धनसिंग खाली बसला आणि श्वास घेऊ लागला, कुत्र्यासारखा.

जिवंत होता.

कोणी पाणी आणलं, कोणी गाडी सांगितली. माणसं मफ गळ्यात टाकून त्याच्याभोवती जमली. मॅनेजर आला. चेहरा पांढरा, पण पाहुणा बरोबर होता.

"तीन वेळा हॉर्न झाला," तो धनसिंगसमोर वाकून म्हणाला. "तरी आत कसा थांबलास तू?"

"लक्ष नसेल, साहेब," कौतिक घाईनं म्हणाला. "कागद लई गुंडाळला होता."

धनसिंगनं मान हलवली. गालाची कातडी लोंबत होती. "मनी चूक, साहेब. लक्ष नव्हतं."

झालं असतं एवढ्यावर. एक ताकीद, चार दिवस दवाखाना, आणि पुन्हा तोच बोळ, तोच हॉर्न. ताईबाईला तो पुढचा हॉर्न आत्ताच ऐकू आला. आन मोडली तर मोडली.

"चूक नाही त्यांची," ती म्हणाली. "त्यांना ऐकू येत नाही. वर्षं झाली. इथंच गेले कान."

धनसिंगनं तिचे ओठ वाचले. सिलिंडरला गाल चिकटला होता तेव्हा त्याच्या डोळ्यांत जेवढी भीती नव्हती तेवढी आता आली. "काय करं व तू," तो पुटपुटला.

मॅनेजर सरळ झाला. पाहुण्याकडे पाहिलं. मग दोन पावलं मागे गेला, धनसिंगला उचलायला वाकलेल्या माणसांच्या पाठीमागे, आणि साध्या आवाजात, जसं आपण घरी जेवायला या म्हणतो तशा आवाजात, विचारलं, "आणखी कोणाला ऐकू येत नाही?"

मशीन बंद होतं. पंप बंद होते. कुठंतरी वाफ फुसफुसत होती तेवढीच.

एकही मान वळली नाही.

मॅनेजरनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. पाठी तशाच वाकलेल्या. कोणी धनसिंगच्या काखेत हात घालत होतं, कोणी पाण्याचा ग्लास धरून होतं. ताईबाई एकेका पाठीकडे बघत गेली. इतके दिवस ती एकट्या धनसिंगसाठी हॉर्न मोजत बसली होती.

"बाई," मॅनेजर तिच्या जवळ येऊन हळूच म्हणाला, "यांना दवाखान्यात न्या. खर्च आपला. बाकीचं आपण नंतर बसून बोलू. इथं नको."

"इथंच," ताईबाई म्हणाली.

ती माणसांच्या समोर गेली, सगळ्यांना तिचं तोंड दिसेल अशी उभी राहिली.

"आते साहेबनी काय इचारं तुमले?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. मग साहेबाकडे. मग तिच्याकडे.

"कव्हा?" कौतिक म्हणाला. "कव्हा इचारं?"