चार बोल्टांची खाट

९ मार्च १९८१, सकाळी साडेदहा. पिंपरीतील एका कारखान्याच्या वसाहतीत अकरा नंबरच्या खोलीतून सतरा वस्तू बाहेर काढल्या गेल्या. अठरावी मी, दारात अडकले.

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी खाट आहे. खरे तर दोन खाटा. फिटर साहेबरावांनी १९६७ साली भोसरीच्या वर्कशॉपमध्ये मला बनवले. दोन अरुंद खाटा चार बोल्टांनी अशा जोडल्या की सांध्यावर हात फिरवला तरी कळू नये. मी साहेबरावांची आणि त्यांच्या सोबत्याची, निवृत्तीची. नवराबायको राहतात तसे ते दोघे चौदा वर्षे राहिले. पाहुणे यायचे असले की निवृत्ती पाना घेऊन खाली शिरे, बोल्ट काढी आणि माझे दोन भाग दोन भिंतींना लावी. पाहुणे म्हणत, "ब्रह्मचाऱ्यांनी सोय झकास केलीय, राव." हे कौतुक मला कधीच आवडले नाही.

शुक्रवारी साहेबराव काविळीने गेले. खोली त्यांच्या नावावर होती. सोमवारी नऊ वाजता वसाहतीचे अधिकारी आले आणि निवृत्तीला विचारू लागले.

"तुमचं नातं काय?"

"मी घरचाच."

"घरचा म्हणजे? भाऊ?"

शेजारच्या इंदुताई हळूच म्हणाल्या, "मामेभाऊ सांग रे. खोली सोडायला मुदत देतील. माझे मालक गेले तेव्हा मला सहा महिने दिले होते."

"वहिनी, चौदा वर्षं पाहुण्यांसाठी बोल्ट काढले. आता तो गेल्यावरपण काढू?"

अधिकारी उद्धट नव्हते. त्यांनी नियम दोनदा वाचला. त्यात पत्नी होती, मुले होती, आईवडील होते, निवृत्ती नव्हता. या दोघांच्या लग्नाची नोंद कोणतीही कचेरी करणार नव्हती. जे कधी मिळूच दिले नाही, तेच आणून दाखवा म्हणायचे, हा कुठला न्याय?

मी दारात अडकले तेव्हा सामान बाहेर काढणाऱ्या वॉचमनने पाना मागितला. निवृत्तीने दिला नाही. अखेर हॅकसॉने, लोखंड कापायच्या करवतीने, बोल्ट कापले.

भोसरीतल्या भाड्याच्या खोलीत निवृत्तीने मला नवे बोल्ट घातले. तो एका कडेला झोपतो. पाहुणे आले तरी मी आता जोडलेलीच असते.

मित्रांनो, मला अधूनमधून तेलाचा हात पुरतो. तुम्ही मोठे होऊन नियम लिहाल, तेव्हा घरात कोण कोण राहते ते आधी पाहा, मग लिहा.

इंदुताईंना मिळालेली मुदत: सहा महिने. निवृत्तीला: दीड तास.