सर्वांत मूलभूत शाखेची सहायक

शाळेच्या प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं सहायक होते. परीक्षानळ्या धुवायच्या, भिंगं पुसायची, बरणीतल्या बेडकाचं औषध बदलायचं. विषय तीन आणि मी एकटी.

एका सोमवारी वरच्या कचेरीतून पत्र आलं. यापुढे सहायक फक्त सर्वांत मूलभूत विज्ञानशाखेला मिळेल. ती कोणती, हे शाळेने शनिवारी पाचपर्यंत कळवावे. अन्यथा पद रद्द समजून सहायकाची बदली होईल. बदलीची शाळा दोन बस बदलून होती. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मधल्या सुट्टीत मी घरी जाऊन त्यांची कूस बदलून देत असे, दोन घास भरवत असे.

मी त्यांना पत्राचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे सगळं जग कशावर उभं आहे, हे शनिवारपर्यंत ठरायला हवं?"

"पाचपर्यंत."

"मग सामान बांध."

शनिवारी दुपारी तिन्ही विषयांचे शिक्षक मुख्याध्यापकांसमोर बसले. मी चहा दिला, नेहमीसारखा काचेच्या चंचुपात्रांतून. कप तर केव्हाच फुटले होते.

"सगळं अणूंचं बनलंय," भौतिकवाले सर म्हणाले. "अणू आमच्याकडे."

"तुमच्याकडे ते नुसते घरंगळतात," रसायनच्या मॅडम म्हणाल्या. "एकमेकांना धरून राहतात ते आमच्याकडे."

"आणि हे सगळं ज्या मेंदूत चाललंय तो कुणाच्या विषयात येतो?" जीवशास्त्राच्या सरांनी विचारलं.

"तुमच्या. म्हणून तर काळजी वाटते," मॅडम म्हणाल्या.

मतदान झालं. तिघांना एकेक मत. पुन्हा घेतलं, पुन्हा एकेक. मुख्याध्यापक इतिहासाचे होते. असली भांडणं शंभर वर्षं चालतात, हे त्यांना ठाऊक होतं. ते घड्याळाकडे बघत बसले. पावणेपाच झाले. मी दाराशी उभी होते. भावी शाळेच्या बसचं वेळापत्रक माझ्या पर्समध्ये होतं.

तेवढ्यात गणितवाले सर खडू न्यायला आले. त्यांनी कपाट उघडलं, खडू घेतला, बंद केलं.

भौतिकवाले सर त्यांच्या पाठीकडे बघत होते. "गणिताला द्या," ते म्हणाले. "निदान रसायनाला जायला नको."

"चालेल," मॅडम म्हणाल्या. "भौतिकाला जाण्यापेक्षा बरं."

जीवशास्त्राच्या सरांनी दोघांकडे बघून मान डोलावली. मुख्याध्यापकांनी सही केली. गणितवाले सर तोवर जिना उतरून गेले होते. त्यांना सोमवारी कळलं.

"बाई, तुम्ही नक्की काय करता?" त्यांनी विचारलं.

"धुते, सर."

त्यांनी वर्गभर नजर फिरवली. चाळीस बाकं आणि फळा. "बसा," ते म्हणाले.

पहिल्याच तासाला बाकी तिघांचे अर्ज आले, सहायक उसनी मिळावी म्हणून. 'सोळा परीक्षानळ्या धुणे आवश्यक,' असं मॅडमनी लिहिलं होतं. गणितवाल्या सरांनी खाली लाल शाईने लिहिलं, 'आवश्यक म्हटले आहे, सिद्ध केलेले नाही,' आणि अर्ज परत पाठवला. दोन पानी सिद्धता येईपर्यंत मधली सुट्टी झाली.

मी घरी गेले. सासूबाईंची कूस बदलली, ताट घेऊन बसले.

"काय निघालं शेवटी?" त्यांनी विचारलं.

"गणित."

"त्यात तुला काय काम?"

"काही नाही."

"मग एवढे भराभर घास कशाला कोंबतेस? सावकाश भरव."