दक्षिणेकडच्या सहा काचा

डेस्मंड प्रिचर्डने आयुष्यात कुणाला उगाच पैसे दिले नव्हते, आणि ज्यांना द्यायला हवे होते त्यांनाही शक्यतो दिले नव्हते. टास्मानियाच्या सफरचंदाच्या पट्ट्यात चाळीस वर्षं त्याने बागायतदारांची शीतगृहं दुरुस्त केली होती. कुठली मोटर कशाने कण्हतेय ते तो दाराबाहेर उभा राहून सांगायचा. त्यामुळे निवृत्त झाल्यावर टेकडीवर स्वतःचं घर स्वतःच बांधायचं ठरवलं, तेव्हा त्यात अवघड असं त्याला काहीच दिसेना. चार भिंती, वर छप्पर. बाकी सगळा आर्किटेक्ट लोकांनी माजवलेला बाऊ.

अडली होती ती त्याची बायको, मर्ना. गावातलं विटांचं जुनं घर विकायला ती तयार नव्हती. थंडीत तिच्या बोटांचे सांधे असे आखडायचे की ब्लाउजचं बटण लावणं मुश्कील. जुन्या घरात स्वयंपाकघराच्या खिडकीशी ऐन जुलैतही, म्हणजे आमच्या कडाक्याच्या हिवाळ्यातही, ऊन यायचं. त्यात तासभर हात धरून बसली, की बोटं मोकळी व्हायची.

"माझी एकच अट," ती म्हणाली. "जुलैत स्वयंपाकघरात बसल्या जागी माझ्या हातावर ऊन पडलं पाहिजे. बाकी तुला कसला ताजमहाल बांधायचाय तो बांध."

"ऊन? अगं, भाजून निघशील!" डेस म्हणाला.

आणि घर विकलं. दोघं टेकडीवर कॅरॅव्हानमध्ये राहायला गेली. कॅरॅव्हान कसली, चाकांवरची पत्र्याची पेटी. रस्त्याकडेला, प्लॉटच्या उत्तरेला ती उभी केली. "एक उन्हाळा, फार तर दोन," डेसने सांगितलं. घर स्वतः बांधणारा आमच्याकडचा प्रत्येक जण हेच सांगतो, आणि त्याची बायको प्रत्येक वेळी विश्वास ठेवते. त्या बायकांना नमस्कार करावा की हलवून जागं करावं, मला अजून कळलेलं नाही.

शेजारच्या टेकडीवर फिलिपा राहायची. ती आर्किटेक्ट. एकदा कुंपणाशी उभी राहून म्हणाली, "डेस, पूर्ण काम नको देऊस. दोन हजार डॉलर दे. जागा बघते, घराने तोंड कुठे करायचं तेवढं सांगते."

"दोन हजार?" डेसला ठसकाच लागला. "पोरी, माझं तोंड कुठे आहे ते मला साठ वर्षं माहीत आहे. फुकटात!"

ही गोष्ट त्याने पुढे महिनाभर क्लबात, दवाखान्यात, लाकडाच्या वखारीत सगळीकडे सांगितली. लोक हसले. हसणाऱ्यांना काय जातंय.

प्लॅन त्याच्याकडे होताच. दातांच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या एका जुन्या कॅनडियन मासिकातून त्याने तो हळूच फाडून खिशात घातला होता. खोकल्याचा आवाज करून फाडला, म्हणजे कुणाला कळू नये. 'सूर्यघर' असं त्यावर लिहिलेलं. समोर जमिनीपासून छतापर्यंत सहा काचा, त्यांच्यामागे दिवाणखाना आणि स्वयंपाकघर, पाठीमागच्या अंगाला धुण्याची खोली आणि संडास. काचांच्या बाजूला बाण, आणि बाणाखाली छापलेलं: दक्षिण.

आता कॅनडात सूर्य दक्षिणेला असेल, पण हिवाळ्यात आमचा उत्तरेला, तोही टेकड्यांना घासून जातो, हे इथल्या मेंढीलाही ठाऊक आहे. ती सकाळी उठून कुंपणाच्या उत्तर बाजूला जाऊन उभी राहते. पण मेंढीकडे छापील प्लॅन नसतो. डेसकडे होता. "प्लॅन म्हणजे प्लॅन," तो म्हणायचा. "आपलं डोकं चालवलं की घोळ होतो."

बरं, त्याने पाहिलं नव्हतं असंही नाही. जानेवारीत, भर उन्हाळ्यात, सकाळी सहाला चहाचा मग घेऊन तो जागेवर उभा राहिला. आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य दक्षिणेकडे सरकून उगवतो आणि तिकडेच मावळतो. सकाळी सहाला दक्षिणेच्या अंगावर ऊन, रात्री आठलाही ऊन. डेसने तिथल्या तिथे खुंट्या ठोकल्या. मासिक खरं ठरलं, दोन हजार वाचले, वर निसर्गानेही सही केली.

गावातल्या एका नकाशे काढणाऱ्याकडून त्याने ते फाडलेलं पान स्वस्तात गिरवून घेतलं. गिरवणाऱ्याने गिरवलं. त्याला विचार करायचे पैसे मिळालेच नव्हते. कौन्सिलने तुळया तपासल्या, सांडपाण्याचा उतार तपासला. ऊन कुठून येणार हे तपासायचा रकाना त्यांच्या फॉर्मवर नसतो.

"डेस," मर्ना म्हणाली, "माझी कपड्यांची दोरी बघ. कॅरॅव्हानच्या बाजूला बांधली तर दुपारपर्यंत कपडे खडखडीत वाळतात. तिकडे काचांच्या बाजूला बांधली तर संध्याकाळी दमटच. तू काचा चुकीच्या बाजूला घालतोयस."

"कपडे वेगळे, घर वेगळं," डेस म्हणाला.

"मेल्या, ऊन तेच ना?"

दोरीच्या जागी त्याला संडासाची भिंत घ्यायची होती. दोरी सोडून त्याने तिच्या हातात दिली.

पहिल्या हिवाळ्यात मागच्या भिंतीच्या सावलीत जोत्यावर दुपारी बारापर्यंत हिव पांढरं पडून राहायचं. "कोरं काँक्रीट थंडच असतं," डेस म्हणाला. दुसऱ्या हिवाळ्यात काचांच्या जागी प्लॅस्टिक होतं आणि आत तोंडातून वाफा निघायच्या. "काचा बसू देत, मग बघ." मर्ना कॅरॅव्हानच्या खिडकीशी बसून बघत राहिली. हातमोजे घालून विणता येत नाही म्हणून तिने विणणं सोडलं होतं.

तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात, काचा बसल्या. सहाच्या सहा. डेसने त्या व्हिनेगरने पुसून लख्ख केल्या आणि जुलैच्या एका रविवारी सगळ्यांना घर बघायला बोलावलं. कॅरॅव्हानसमोर 'विकणे आहे' अशी पाटी खांबासकट ठोकून टाकली. तीन वाजता गिऱ्हाईक यायचं होतं.

बाहेर निरभ्र, झकास ऊन पडलं होतं. आत मंडळी कोट घालून उभी होती.

"काय देखावा आहे!" कुणीतरी म्हणालं. दात वाजत होते म्हणून वाक्य दोनदा म्हणावं लागलं. सॉसेज पाव ताटलीत पोहोचेपर्यंत चरबी गोठली. मग लोक एकेक करून संडासात जायला लागले, आणि गेलेले परत येईनात. बाहेर रांग लागली.

"काय रे, पोटं बिघडली का सगळ्यांची?" डेस कावराबावरा होऊन विचारू लागला. सॉसेज त्यानेच भाजले होते.

"पोटं छान आहेत," वखारवाला कोलिन आतून म्हणाला. "ऊन छान येतंय इथे. जरा थांब ना, मी आत्ताच बसलोय."

दोन वाजेपर्यंत पाहुणे पांगले. जाता जाता कोलिन दारात थांबला. "डेस, एक विचारू का? राग मानू नकोस. माझी दहा पेटी सफरचंदं या दिवाणखान्यात ठेवली तर चालतील? सप्टेंबरपर्यंत टिकतील बघ."

डेस हसला. हसू कुठून आलं त्यालाच कळेना. चाळीस वर्षं जे दुरुस्त केलं तेच त्याने राहायला बांधलं होतं. तो संडासात गेला आणि कडी लावून घेतली. खिडकी हातभर, उत्तरेची. तिच्यातून ऊन थेट त्याच्या गुडघ्यांवर पडलं. त्याने खिडकीची धूसर काच उघडली, तर समोर कॅरॅव्हान. आत मर्ना आणि फिलिपा चहा पीत बसलेल्या. मर्नाने हातमोजे काढले होते, दोन्ही हात टेबलावर उन्हात पसरले होते. ती बोटं हळूहळू उघडत होती, मिटत होती. तीन वर्षं ती रोज तिथे हेच करत असणार, आणि तो पलीकडे खिळे ठोकत होता. तो उठून तडक कॅरॅव्हानपाशी गेला.

"पोरी," तो फिलिपाला म्हणाला, "यात काही करता येईल का?"

"येईल की."

"काय?"

"पाडता येईल," फिलिपा म्हणाली. "नाहीतर निम्म्या भिंती तोडून स्वयंपाकघर मागे आणता येईल. तेवढी शिल्लक आहे का तुमच्याकडे?"

शिल्लक त्या काचांमध्ये गेली होती. डेसने मर्नाकडे पाहिलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं, खरं तर ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तीन वाजता माणूस येणार आहे," मर्ना शांतपणे म्हणाली. "ही पेटी न्यायला. इथून उठून मी कुठे बसू, तेवढं सांग. संडासात?"

"चुकलं माझं," डेस म्हणाला.

"मोठ्याने."

"चुकलं गं माझं! दोरी सोडली तेव्हाच चुकलं."

मर्नाने मान हलवली, आणि हात उन्हातून काढले नाहीत. डेसने कॅरॅव्हानसमोरची 'विकणे आहे' ची पाटी उपटली, काखेत मारली, हातोडा घेतला आणि घराला वळसा घालून गेला. सहा काचांसमोर, अगदी मधोमध, त्याने ती चार दणक्यांत जमिनीत ठोकली. ओळंबा लावून पाहिला. अगदी सरळ होती.

मागून मर्ना हाक मारत आली. काचा बसल्यापासून पहिल्यांदाच ती त्या बाजूला आली होती.

"अरे देवा! डेस, कुणासाठी लावलीस ही? रस्ता त्या बाजूला आहे! इकडे नुसत्या कोलिनच्या गाई आहेत!"

डेसने पाटीकडे पाहिलं, गाईंकडे पाहिलं. एक गाय वाचल्यासारखं करत होती. तोंडापर्यंत आलेलं उत्तर त्याने गिळलं, पाटी उपटून काढली आणि हातोडा मर्नासमोर धरला.

"मग तूच सांग," तो म्हणाला. "कुठे ठोकू?"